वसंतातली मंडळी: ‘यूयू’ चर्चमध्ये नव्याने जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट, म्हणजे बोलण्यातल्या ‘यूयू’ चर्चमध्ये पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. बाप्तिस्मा झालाय का, देव मानता का, असं कोणी विचारत नाही. पण तिसऱ्या रविवारी ‘शनिवारी अंगणाच्या कामाला येणार का’ हे मात्र नक्की विचारतात. इथे माणसाची ओळख त्याच्या मतांवरून नाही, हजेरीवरून आणि हातांवरून होते. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

उरलेला निम्मा गोंधळ ऋतूचा. मार्च ते जून या चार महिन्यांत या मंडळींचं सगळं एकदम येतं: घड्याळ पुढे जातं, वर्गणीची मोहीम निघते, ईस्टर येतो, अंगणाची सफाई होते, फुलांचा रविवार असतो आणि शेवटी वार्षिक सभा. नव्या माणसाने यायला हा काळ सगळ्यात चांगला, आणि चुकायलाही. म्हणून क्रमाने घेऊ.

१. आधी एवढं माहीत असू द्या

युनिटेरियन म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांतला एक देव) न मानता देव एकच मानणारे. युनिव्हर्सलिस्ट म्हणजे शेवटी सगळ्यांचाच उद्धार होतो, कायमचा नरक कोणाच्याच वाट्याला नाही, असं मानणारे. अमेरिकेत हे दोन पंथ १९६१ मध्ये एक झाले. मूळ दोघांचंही ख्रिस्ती. आज मात्र बाकावर तुमच्या शेजारी नास्तिक, ज्यू घरातली, बौद्ध ध्यान करणारा, येशूला गुरू मानणारी, असं कोणीही बसलेलं असतं. सगळ्यांनी उभं राहून म्हणायचा विश्वासांगीकार, म्हणजे ‘आम्ही हे मानतो’ अशी ठरलेली घोषणा, इथे नाही. त्याऐवजी एकमेकांशी कसं वागायचं याचा करार असतो, तो बहुतेक ठिकाणी भिंतीवर किंवा छापील पत्रकावर सापडतो. तो एकदा नीट वाचा.

हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे युनिटेरियनांशी जुने संबंध होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, ते याच लोकांच्या मदतीने. मूर्ती नाही, मध्यस्थ नाही, एकत्र बसून प्रार्थना आणि मग समाजाचं काम: साचा ओळखीचा वाटेल.

आणखी एक. प्रत्येक मंडळी, म्हणजे एकेका चर्चमधला समूह, स्वतंत्र असते. वरून हुकूम सोडणारा बिशप नाही. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळीकडे थोड्याफार फरकाने लागू पडेल. जिथे शंका येईल तिथे ऑफिसात विचारा.

२. पहिला रविवार

उपासना साधारण दहा ते अकराच्या दरम्यान सुरू होते आणि तास-सव्वातास चालते. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे जातं. मोबाइल आपोआप बदलतो, ओव्हनवरचं आणि गाडीतलं घड्याळ बदलत नाही. त्या दिवशी थेट शेवटच्या गाण्याला पोहोचणारे दरवर्षी निघतात, आणि त्यात जुने सभासदही असतात.

दारातच पाहुण्यांचं टेबल असतं. तिथे स्टिकरवर नाव लिहून लावा, आणि लोकांनी जशी हाक मारावी असं वाटतं तसंच लिहा. उच्चार अवघड वाटला तर ते विचारतील. आपणहून नावाची काटछाट करू नका. पाहुण्यांच्या कार्डावर ईमेल दिलात की साप्ताहिक पत्र सुरू होतं, फोन नंबर दिलात की कोणीतरी फोन करतं. तेवढंच द्या, जेवढं हवंय.

कपडे रोजचे चालतात. बूट काढायचे नसतात. अत्तर, उदबत्तीचा वास भरलेली शाल टाळा. दमा आणि अॅलर्जीवाल्यांसाठी कित्येक मंडळ्या ‘सुगंधविरहित’ जागा राखून ठेवतात. बसायचं मधल्या वाटेच्या कडेला, मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत. पुढचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, एवढं तिथून दिसतं.

३. उपासनेचा क्रम

सुरुवातीला चॅलिस पेटवतात. चॅलिस म्हणजे ज्योत असलेला प्याला. हे चिन्ह १९४१ मध्ये हान्स डॉइच या चित्रकाराने युनिटेरियनांच्या मदत समितीसाठी काढलं. ही समिती युद्धातल्या निर्वासितांना मदत करत होती. मग गाणं, मुलांसाठी गोष्ट (त्यानंतर मुलं वर्गात जातात), आनंद आणि चिंता, प्रार्थना आणि मौन, दानपेटी, वाचन, प्रवचन, पुन्हा गाणं, निरोपाचे शब्द. बाकाच्या पाठीला दोन गीतपुस्तकं खोचलेली असतात, एक राखाडी आणि एक निळसर-हिरवं. फळ्यावरचा गाण्याचा आकडा हजाराच्या पुढचा असेल तर निळसर-हिरवं उघडा.

दानपेटी समोर आली की पाहुण्याने काही टाकायलाच हवं असं नाही. शांतपणे पुढे द्या.

४. आनंद आणि चिंता

प्रार्थनेच्या आधी ज्यांना आपलं सुख-दुःख मंडळीपुढे ठेवायचंय ते पुढे जाऊन मेणबत्ती लावतात किंवा पाण्याच्या भांड्यात खडा टाकतात. कुठे स्वतः माइकवर बोलतात, कुठे चिठ्ठी लिहून देतात आणि मिनिस्टर, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वाचून दाखवतात. नवा माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो इथे.

दोन किंवा तीन वाक्यं बोला. ‘माझ्या आईची परवा भारतात शस्त्रक्रिया झाली. मी जाऊ शकलो नाही. तिच्यासाठी ही मेणबत्ती.’ संपलं. कोणतं हॉस्पिटल, कोणता डॉक्टर, व्हिसाची तारीख का मिळाली नाही, हे उपासनेनंतर कॉफीच्या वेळेला सांगा. लोक आपणहून येऊन विचारतील.

दुसऱ्याचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय सांगू नका. हा नियम कडक आहे, आणि रास्तही. बहुतेक उपासना आता इंटरनेटवर थेट जातात, त्यांचं रेकॉर्डिंग राहतं. मित्राच्या नोकरीचं किंवा घटस्फोटाचं तुम्ही माइकवर बोललात तर ते त्याच्या ऑफिसातलं कोणीही ऐकू शकतं. संमती नसेल तर ‘जवळच्या एका मित्रासाठी’ एवढंच म्हणा.

कार्यक्रमाची जाहिरात, निवडणुकीतल्या उमेदवाराचं नाव, मुलाच्या शाळेच्या निधीची तिकिटं, यांची ही जागा नव्हे. आणि काहीच न बोलता नुसती मेणबत्ती लावून जागेवर येता येतं. पहिल्या वेळी तेच करा.

बोललेलं ऐकून प्रार्थना झाली की काम संपत नाही. मागे एक काळजीवाहू गट असतो: जेवण पोहोचवणं, डॉक्टरकडे गाडीने नेणं, फोन करणं. तुम्हाला नुसते शब्द नकोत, मदत हवी असेल तर तसं या गटाला वेगळं सांगावं लागतं. मेणबत्ती लावली म्हणजे त्यांना कळलंच, असं धरू नका.

५. प्रार्थना: ऐकताना आणि स्वतः करताना

ऐकताना डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, हात जोडा किंवा मांडीवर ठेवा. मनात राम म्हणा, श्वास मोजा, खिडकीबाहेर बघा. कोणी तपासत नाही. सुरुवातीला मिनिस्टर ‘जीवनाच्या चैतन्या’, ‘अनेक नावांच्या देवा’, ‘प्रेमाच्या उगमा’ अशी काहीतरी हाक घालतात, तेव्हा नव्या लोकांना हे गुळमुळीत वाटतं. पण त्यामागे कारण आहे: ज्याला जे नाव घ्यायचंय त्याने ते मनात घ्यावं म्हणून ही जागा मोकळी सोडलेली असते. शेवटी ‘आमेन’, ‘तसंच होवो’ किंवा काहीच नाही.

दोन-तीन महिन्यांत कोणीतरी तुम्हाला समितीच्या बैठकीआधी किंवा उपासनेत प्रार्थना करायला सांगेल. तेव्हा असं करा.

*आधी लिहून काढा.* आयत्या वेळची प्रार्थना लांबते. दीड मिनिटाची प्रार्थना हवी असेल तर इंग्रजीत दीडशे शब्दांच्या आसपास थांबा, कारण ती सावकाश, मिनिटाला शंभरच्या वेगाने वाचायची असते. आधी मराठीत लिहून मग इंग्रजी केलं तरी उत्तम. उलट केलं की कागदावर ऑफिसची भाषा उतरते.

*पाच ओळींचा सांगाडा धरा:* हाक, कृतज्ञता, दुःख, मागणं, मौन. उदाहरणार्थ:

जीवनाच्या चैतन्या, इथे जमलेले आम्ही तुला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतो. काही जण हाकच मारत नाहीत, नुसते येऊन बसतात.
खिडकीबाहेरच्या मॅपलला पालवी फुटली, ती बघायला आम्ही आहोत, याबद्दल कृतज्ञ आहोत.
आमच्यातल्या काहींच्या घरी अजून हिवाळा आहे. कुठे तपासणीच्या निकालाची वाट आहे, कुठे एक खोली रिकामी झाली आहे.
त्यांच्या दारापर्यंत जायचं बळ आम्हाला मिळो, आणि दार उघडलं नाही तर थांबायचा धीरही.
आता थोडा वेळ शांत बसू.

पहिल्या ओळीत नास्तिकांनाही जागा आहे, हे बघा. दुसरीत दिसणारी एकच गोष्ट आहे. ‘निसर्गाच्या सर्व सौंदर्याबद्दल’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे काहीच येत नाही. तिसरीत कोणाचं नाव नाही, तरी ज्याचं घर आहे त्याला ते कळतं. चौथीत मागणं आहे, पण चमत्काराचं नाही. काम आपल्याच अंगावर घेतलंय. निकाल चांगलाच येवो असं ठामपणे मागितलं आणि तो वाईट आला, तर पुढच्या रविवारी त्या घरातल्या माणसाला तुमच्याकडे बघवत नाही.

*मौन घड्याळ लावून पाळा.* नवखा माणूस पंधराव्या सेकंदाला घाबरून पुढे बोलायला लागतो. पूर्ण एक मिनिट ठेवा. शांतपणे दहा-बारा श्वास मोजलेत की होतं. कोणी खोकेल, लहान मूल काहीतरी विचारेल. थांबून राहा.

*‘आम्हा सर्वांचा विश्वास आहे की’ असं म्हणू नका.* या छपराखाली ते वाक्य कधीच खरं नसतं. प्रार्थनेच्या आडून प्रवचन देऊ नका, आणि ‘हे देवा, ज्यांनी सभेत उगाच वाद घातला त्यांना सुबुद्धी दे’ हा प्रकारही नको. करतात लोक.

माइक तोंडापासून मूठभर अंतरावर धरा. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ असं म्हणू नका: श्रवणयंत्र लावणाऱ्यांना आणि घरून ऐकणाऱ्यांना आवाज माइकमधूनच पोहोचतो.

अभंग म्हणायचा असेल तर अवश्य म्हणा, पण आधी अर्थ दोन वाक्यांत सांगा, आणि होळी किंवा पाडव्याच्या निमित्ताने काही करायचं असेल तर उपासना समितीशी किमान सहा आठवडे आधी बोला. त्यांचे विषय तितके आधी ठरलेले असतात. कधीकधी उलट होतं: भारतीय दिसलात म्हणून ‘हिंदू धर्मावर बोला’ अशी गळ पडते. सगळ्या भारताचं प्रतिनिधित्व करायची जबाबदारी तुमच्यावर नाही. ‘मी फक्त माझ्या घरातलं सांगू शकते’ हे उत्तर पुरतं, आणि नकारही चालतो.

छोट्या गटांचं थोडं वेगळं आहे. आठ-दहा जण महिन्यातून एकदा-दोनदा भेटतात, प्रत्येक जण पाळीपाळीने बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आपल्याकडे गुडघेदुखी ऐकली की लगेच तेल आणि वैद्य सुचवायची सवय. इथे ती दोन तास दाबून ठेवावी लागते. हे गट बहुधा मेमध्ये थांबतात. एप्रिलमध्ये नाव दिलंत तर सप्टेंबरपर्यंत वाट बघावी लागेल.

६. ईस्टर

वसंतसंपाताची चर्चची तारीख २१ मार्च धरतात. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये फिरतो: २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. पौर्णिमेवर सण ठरवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

यूयू मंडळीत येशूचं पुनरुत्थान घडलेली घटना म्हणून सांगतील, रूपक म्हणून सांगतील, किंवा ज्यूंच्या वल्हांडण सणाशी जोडतील. ते मिनिस्टरवर असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी असलाच तर तो बहुधा सगळ्यांना खुला असतो. घ्यायचा नसेल तर बसून राहा, किंवा पुढे जाऊन छातीवर हात आडवे ठेवा. वर्षातली मोठी गर्दी याच दिवशी असते, म्हणून जवळ राहत असाल तर चालत जा आणि आवारातली गाडीची जागा म्हाताऱ्यांना सोडा.

वेदीपाशी पांढऱ्या लिलीच्या कुंड्या असतात. कित्येक ठिकाणी गेलेल्या माणसाच्या आठवणीत कुंडी देता येते. त्याचा अर्ज दोन-तीन आठवडे आधी भरावा लागतो. उपासनेनंतर कुंडी घरी नेता येते. घरात मांजर असेल तर मुळीच नेऊ नका. लिलीचा परागसुद्धा मांजराने चाटला तर त्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

अंडी शोधायच्या खेळात मदत करणार असाल तर प्लास्टिकची अंडी मुलामागे दहा धरा, चार वर्षांखालच्यांसाठी वेगळा कोपरा दोरीने आखा, आणि त्यांच्या अंड्यांत टणक गोळ्या नाहीत, स्टिकर घाला. शेंगदाणे किंवा सुकामेवा असलेलं चॉकलेट कुठेच नको. लपवलेल्या अंड्यांची संख्या लिहून ठेवा, नाहीतर उरलेली जूनमध्ये गवत कापणाऱ्या यंत्राखाली सापडतात.

७. वर्गणीचं कार्ड

बहुतेक मंडळ्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे पुढच्या वर्षी कोण किती देणार, हे मार्च-एप्रिलमध्ये विचारतात. याला ‘प्लेज’ म्हणतात. मिनिस्टरचा पगार, वीज, छत, सगळं यावरच चालतं. वरून पैसा येत नाही.

कार्ड आलं की घाबरून जाऊ नका, आणि भिडेखातर मोठा आकडाही लिहू नका. लिहिलेली रक्कम वर्षाची असते, महिन्याची नाही. ही गल्लत बऱ्याच जणांची होते. नोकरी गेली, खर्च वाढला, तर खजिनदाराला ईमेल करून आकडा खाली आणता येतो, कारण विचारत नाहीत. पाहुण्याने कार्ड भरायची गरज नसते. पेटीत रोख टाकलेली रक्कम तुमच्या नावावर लागत नाही. ती लागायला हवी असेल तर चेक किंवा नाव लिहिलेलं पाकीट वापरा. एका वेळी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिलेत आणि करात वजावट घ्यायची असेल, तर चर्चची लेखी पावती विवरण भरण्याआधी हातात असायला हवी.

८. अंगणातला शनिवार

नव्या माणसाने ओळखी करायच्या असतील तर कॉफीपेक्षा हा दिवस चांगला. शेजारी गुडघ्यावर बसून तण काढणारा माणूस तासाभरात मोकळा बोलायला लागतो.

न्यायचं ते: जाड हातमोजे, पाण्याची बाटली, टोपी, पायघोळ पँट आणि मोजे (गोचिड्या एप्रिलपासूनच असतात, घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कानामागे बघा), स्वतःची कात्री किंवा दाताळं असेल तर दांड्यावर नावाची पट्टी लावून.

मुख्य काम मल्च पसरण्याचं, म्हणजे लाकडाचा भुसा-ढलपे मातीवर अंथरण्याचं. थर दोन ते तीन इंचांचा. तीन इंचांच्या थराला एक घनयार्ड मल्च सुमारे १०८ चौरस फूट पुरतं. दोन घनफुटांच्या पिशव्या आणल्या तर त्यासाठी चौदा लागतात. झाडाच्या बुंध्याभोवती ज्वालामुखीसारखा ढीग रचू नका. सालीला ओल लागून ती कुजते. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. आणि जे ओळखता येत नाही ते उपटू नका. मार्चअखेर जमिनीतून वर आलेलं कोवळं हिरवं काहीतरी कोणाच्या तरी आईच्या आठवणीत लावलेलं असतं.

९. कॉफी आणि पॉटलक

कॉफीची पाळी घेतलीत तर उपासना सुरू व्हायच्या आधी पोहोचा. शंभर कपांचं भांडं उकळायला जवळजवळ तास लागतो. ते एकट्याने पंधराशे वॉट खेचतं, त्यामुळे त्याच सॉकेटच्या लाइनवर केटल किंवा स्लो कुकर लावला की फ्यूज उडतो, तोही नेमका मौनात. भांडं स्वतंत्र लाइनवर लावा. कुठली ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिलेलं असतं.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेलेल्या पदार्थापुढे साहित्याची चिठ्ठी ठेवा. ‘शाकाहारी’ एवढं पुरत नाही. तूप, दाण्याचं कूट, काजू, गहू, हिंगातलं पीठ, सगळं लिहा. तिखट असेल तर तेही. गरम पदार्थ १४० अंश फॅरेनहाइटच्या वर, थंड ४० च्या खाली. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवलेलं परत घरी न्यायचं नाही. वाढायचा चमचा आपलाच न्या, आणि भांड्याच्या तळाला नाव चिकटवा.

१०. फुलांचा रविवार

मे-जूनमधला हा दिवस यूयू मंडळीचा अगदी स्वतःचा. प्राग शहरातले मिनिस्टर नॉर्बर्ट चापेक यांनी जून १९२३ मध्ये तो सुरू केला. त्यांच्या मंडळीत कॅथलिक चर्च सोडून आलेले बरेच होते, त्यांना भाकर-द्राक्षरसाचा विधी नको होता. म्हणून प्रत्येकाने एक फूल आणायचं, सगळ्यांची फुलं एकत्र ठेवायची, आणि जाताना दुसऱ्याने आणलेलं एक घेऊन जायचं. त्यांच्या पत्नी माया चापेक यांनी १९४० मध्ये हा विधी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये आणला. नॉर्बर्ट मागेच राहिले होते. नाझींनी १९४२ मध्ये त्यांचा जीव घेतला. हे माहीत असलं की बादलीतल्या फुलांकडे बघायची नजर बदलते.

तुम्हाला एकच फूल न्यायचं असेल तर आठ ते बारा इंचांचा दांडा ठेवा, खालची पानं काढा, गुलाब असेल तर काटेही. सार्वजनिक बागेतलं तोडू नका. पिओनीच्या पाकळ्यांत मुंग्या असतात, उलटी धरून हलकेच झटका. स्वतःचंच फूल परत घ्यायचं नाही, एवढा एकच नियम.

तयारीच्या गटात असाल तर काम बरंच आहे. येणाऱ्यांतले निदान पाचवा हिस्सा लोक फूल विसरतात, म्हणून १२० जण अपेक्षित असतील तर तीसएक जादा फुलं आणून ठेवा. बादल्या आदल्या संध्याकाळी धुवा. कालच्या पाण्याचा चिकट थर राहिला की देठ लवकर सडतात. डॅफोडिलच्या ताज्या कापलेल्या देठातून चीक येतो, त्याने बाकीची फुलं माना टाकतात; ते काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून मग मिसळा, आणि पुन्हा कापू नका. कण्हेर (ऑलिएंडर) आणि फॉक्सग्लोव्ह विषारी आहेत. कोणी आणले तर गोड बोलून बाजूला काढा, कारण लहान मुलं फूल तोंडात घालतात. लिलीचं वर सांगितलंच आहे.

सगळ्यांत मोठा घोटाळा रांगेचा. एकाच फुलदाणीसमोर १२० माणसं थांबली तर दहा-बारा मिनिटं जातात, पियानोवाल्याचं वाजवून संपतं आणि मागच्या रांगा कुजबुजायला लागतात. चार टेबलं, चार कोपरे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांकडे एक बादली घेऊन जा, त्यांना मधून वाट काढायला लावू नका. परागाची अॅलर्जी असलेल्यांसाठी मुलांकडून आधीच्या आठवड्यात कागदी फुलं करून घ्या. ती वेगळी, ‘आजाऱ्यांची’ म्हणून न ठेवता प्रत्येक टेबलावर थोडी ठेवा.

११. मुलं असतील तर लागणारे कागद

मुलांच्या वर्गात नाव घालायचा अर्ज, अॅलर्जी आणि औषधांची माहिती, तातडीच्या संपर्कासाठी दोन नंबर, फोटो काढायची संमती किंवा नकार. फोटोला नकार देताना संकोच नको, तो चौकोन त्यासाठीच आहे. तुम्हाला स्वतःला वर्गात मदत करायची असेल तर पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरावा लागतो आणि ती व्हायला काही आठवडे जातात. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, हा नियम तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, सगळ्यांनाच आहे.

वयानुसार लैंगिक शिक्षणाचा वर्गही असतो. तो आधी पालकांना समजावून सांगतात, सगळं साहित्य दाखवतात, मगच सही घेतात. त्या बैठकीला दोघांनीही जा. घरी येऊन एकाने दुसऱ्याला सांगितलेलं अर्धंच पोहोचतं.

१२. सभासद होणं आणि वार्षिक सभा

दोन-तीन ओळखवर्ग करून सभासदांच्या पुस्तकात सही केली की झालं. धर्म सोडावा लागत नाही, गणपती बसवायलाही कोणाची हरकत नाही. सही करायची घाई मात्र एका कारणासाठी करावी लागते: मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये वार्षिक सभा असते, आणि मत द्यायला सही काही ठरावीक दिवस आधीची लागते. किती दिवस, ते मंडळीच्या नियमावलीत बघा. गैरहजर माणसाचं मत दुसऱ्याने द्यायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.

सभेत अंदाजपत्रक आणि पदाधिकारी ठरतात. कधीकधी वसंतात नव्या मिनिस्टरची निवडही असते: उमेदवार आठवडाभर राहतो, दोन रविवारी प्रवचन देतो, गटागटाने भेटतो, आणि मग मतदान. साध्या बहुमतावर कोणी येत नाही. नव्वद टक्क्यांच्या खाली मतं पडली तर उमेदवार बहुधा नकार देतो. म्हणून त्या आठवड्यात भेटीला जा, प्रश्न तिथे विचारा, सभेत पहिल्यांदा नको. गणसंख्या भरेपर्यंत सभा सुरू होत नाही. पाच मिनिटं आधी जाऊन नाव नोंदवलंत तरी लोक आभार मानतील.

जूनच्या अखेरीस मिनिस्टर सुट्टीवर जातात. उन्हाळ्यातल्या उपासना सभासदच चालवतात, वेळही कधी तासभर अलीकडे येते. माइकवर पहिली प्रार्थना करायची असेल तर जुलैमधला रविवार मागून घ्या: माणसं निम्मी असतात, आणि उपासना समितीला नावं हवीच असतात. यादी मेच्या शेवटच्या आठवड्यात कॉफीच्या टेबलाजवळ लावतात. पेन बरोबर न्या, तिथलं कोणीतरी नेलेलं असतं.